हरलेल्या यंत्राचा अभ्यास

रिमोटवर धावणारी मॉडेल्स मी करतो, आणि त्यांत माझा जीव जडला आहे तो टिरेल पी 34 वर. पुढे चार आणि मागे दोन चाके असलेली ही फॉर्म्युला वन गाडी डेरेक गार्डनर यांनी रचली. 1976 मध्ये स्वीडनच्या अँडरस्टॉर्पला जोडी शेक्टर पहिला आला, पॅट्रिक देपाये दुसरा; दोघेही याच गाडीत. सहा चाकांच्या गाडीने जिंकलेली ती एकमेव ग्राँ प्री.

गार्डनर यांचा विचार असा होता : पुढची चाके 10 इंची केली की ती गाडीच्या रुंद नाकाआड राहतात आणि समोरच्या हवेचा अडथळा कमी होतो. लहान चाकांमुळे घटणारी पकड दोनऐवजी चार चाके लावून भरून काढायची.

मॉडेल करणाऱ्याची परीक्षा ही चार चाके वळवतानाच होते. 1:10 प्रमाणात मागच्या आसापासून पहिली जोडी सुमारे 24.5 सेंमीवर येते, दुसरी 20 सेंमीवर. सगळी चाके एकाच केंद्राभोवती फिरायची, तर पहिली जोडी 20 अंश वळताना दुसरीने साधारण 16.5 अंशच वळायला हवे. नांगराच्या दोन बैलजोड्यांपैकी पुढची जास्त वळते, तसेच हे. दोन्ही जोड्या सारख्याच वळवल्या तर टायर खरडतात, मोटर तापते. चाके वळवणारी मोटर, म्हणजे सर्व्हो, एकच; म्हणून बेल क्रँकवर, म्हणजे खुंटीभोवती फिरणाऱ्या तरफेवर, पहिल्या जोडीच्या लिंकचे भोक खुंटीपासून लांब पाडायचे, दुसरीचे जवळ. हैदराबादच्या राणीगंज बाजारातून आणलेली बारीक बेअरिंग बसवून, चाके हाताने वळवत मी हे कोन तासन्‌तास जुळवतो. त्या कामाचा मला कंटाळा येत नाही.

कागदावर इतकी नेटकी असलेली ही गाडी मागे का पडली? इतर संघांच्या मोठ्या टायरांत सुधारणा होत राहिली. या लहान टायरांचे गिऱ्हाईक एकच, त्यामुळे ते मागे राहिले. 1977 मध्ये गाडीचे वजनही वाढले. पुढे 1983 पासून नियमानेच चार चाके ठरली. मॉडेलचे फोमचे टायर मात्र मी स्वतः लेथवर घासून घेतो, पुढच्यांसाठी वेगळा मऊपणा निवडतो. मग गाडी वळणात अशी चिकटून जाते की गार्डनर यांचा पकडीचा हिशेब हाताला पटतो. हवेबद्दलचा हिशेब एवढ्याशा मॉडेलवर सिद्ध होत नाही, आणि तसा दावा मी करत नाही.

हैदराबादेत अशा वेडाला मान आहे. बहादूरपुऱ्यात के. सुधाकर यांनी चित्रविचित्र आकारांच्या, खरोखर चालणाऱ्या गाड्यांचे संग्रहालय उभारले. 2023 च्या फेब्रुवारीत हुसेनसागराच्या काठी विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत झाली, तेव्हा सगळ्या संघांच्या गाड्यांचा सांगाडा नियमाने एकच होता. ती चुरशीची झाली. पण चाके किती असावीत, हा प्रश्न विचारायला तिथे जागा नव्हती.

यंत्र शिकू पाहणाऱ्या मुलांना म्हणूनच मी सांगतो, एक तरी हरलेले यंत्र स्वतःच्या हाताने करा. जिंकलेल्या यंत्राची नक्कल करता येते. हरलेल्याचा मात्र प्रत्येक सांधा तपासावा लागतो : कल्पना चुकली, की तिच्या एखाद्या भागाकडे कुणी पुरेसे लक्ष दिले नाही? हा फरक ओळखता येणे, हीच माझ्या मते कारागिराची खरी विद्या.