वळिवड्याची दोन बिऱ्हाडं

मिरजेकडून येणारी पॅसेंजर रुकडी सोडते, पंचगंगेवरचा पूल ओलांडते आणि कोल्हापूर यायच्या आधी वळिवड्याला क्षणभर टेकते. स्टेशन लहानसं. लग्नसराईच्या दिवसांत इथं उतरणाऱ्यांत बस्ता बांधायला निघालेली अख्खी कुटुंबं असतात : नवरीची आई, आत्या, मावशी, पैशाची पिशवी काखेत घट्ट धरलेला मामा. सगळे गांधीनगरला निघालेले. मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, पोरांचे कपडे, चादरी असं सगळं एका फेरीत आणि घाऊक भावात मिळणारी ही पेठ. सांगली-साताऱ्याकडचे, बेळगाव-निपाणीचे, कोकणातून घाट चढून आलेले दुकानदार इथून माल भरून नेतात. दक्षिण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या कपाटांत गांधीनगरचं कापड आहे.

याच जमिनीवर 1943 ते 1948 या काळात पोलंडमधले सुमारे पाच हजार निर्वासित राहून गेले, हे आता कोल्हापुरात पुष्कळांना माहीत आहे. ते गेले आणि त्यांच्याच बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली, हेही माहीत असतं. पण पहिली गोष्ट आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, आणि दुसरी कापडाच्या भावाबरोबर बोलता बोलता उरकून टाकतो. मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. माळ तोच, बराकी त्याच, पंचगंगा तीच आणि आलेली माणसं दोन निराळ्या मुलखांतली. परक्या ठिकाणी येऊन पडलेल्या समाजाची स्थिती कशानं ठरते, हे समजून घ्यायला याहून बोलकी जागा मला ठाऊक नाही.

पोलिश माणसांची वाट फार लांबची होती. सप्टेंबर 1939 मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया, असा दोन्ही बाजूंनी पोलंड गिळला गेला. पूर्व पोलंडमधल्या शेतकरी, शिक्षक, वनरक्षक, सैनिक यांच्या कुटुंबांना फेब्रुवारी 1940 पासून रात्री-अपरात्री उठवून मालगाड्यांत कोंबलं गेलं आणि अर्खांगेल्स्क, सायबेरिया, कझाकस्तानकडे पाठवलं गेलं. तिथं जंगलतोड, थंडी आणि उपासमार. 1941 साली हिटलरनं रशियावर हल्ला केल्यावर राजकारण पालटलं. लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारशी स्टालिनला करार करावा लागला, कैदेतली माणसं सुटली, जनरल अँडर्स यांचं सैन्य उभं राहू लागलं, आणि त्या सैन्याच्या मागोमाग बायका-पोरं दक्षिणेकडे निघाली. 1942 मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून ती इराणात पोचली. वाटेत टायफस आणि हगवणीनं किती मेली याची गणती नाही. इराणातून जहाजानं कराची आणि कराचीहून रेल्वेनं आपला मुलूख. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी अनाथ मुलांसाठी बालाचडीला छावणी उघडली. कुटुंबांसाठी जागा निवडली गेली ती कोल्हापूरजवळची, कारण इथली हवा सोसण्यासारखी होती.

वळिवड्याला उभं राहिलं ते एक गावच होतं. चर्च, दवाखाना, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा, नाट्यगृह, स्काउटची पथकं. मुलं पोलिश भाषेत पोलंडचा इतिहास-भूगोल शिकत होती, ख्रिसमसची गाणी बसवत होती आणि सुट्टीत पंचगंगेत डुंबत होती. छातीचं दुखणं असलेल्या मुलांना पाचगणीला हवापालटासाठी धाडलं जाई. छावणीत बायका, मुलं आणि म्हातारे हेच बहुसंख्य. कर्ते पुरुष इटलीत लढत होते किंवा रशियात मेलेले होते. पत्रांची वाट बघणं हेच इथल्या बायकांचं मोठं काम असलं पाहिजे.

आता पैशाचं बघू, कारण तिथंच सगळं वळण आहे. या छावणीचा खर्च लंडनमधलं पोलिश सरकार उचलत होतं. माणशी भत्ता मिळे. छावणीतल्या शिक्षिका, परिचारिका, शिवणकाम करणाऱ्या बायका यांचं अर्थकारण छावणीपुरतं होतं. कोल्हापूरच्या बाजारात उतरून दुकान मांडायची त्यांना गरज नव्हती आणि ते त्यांच्या मनातही नव्हतं. लढाई संपली की घरी जायचं होतं. त्यामुळे मिळालेला वेळ आणि शक्ती त्यांनी मुलांच्या शिक्षणात घातली, कारण परत जाताना बरोबर नेता येईल असं दुसरं काही नव्हतं. कोल्हापूरच्या बाजूनं पाहिलं तर हे पाच हजार लोक म्हणजे नुसतं गिऱ्हाईक. त्यांना भाजी हवी, अंडी हवीत, दूध हवं, कापड हवं. आसपासच्या गावांतले विक्रेते छावणीच्या वेशीपाशी जात, चार पोलिश शब्द शिकत. जो माणूस आपल्याकडून विकत घेतो आणि आपल्या धंद्यात भागीदारी मागत नाही, त्याच्याबद्दल माया वाटणं सोपं असतं. कोल्हापूरच्या आतिथ्याला कमी लेखण्यासाठी हे मी म्हणत नाही. रशियातल्या बर्फातून हाडं घेऊन आलेल्या लेकरांना या मातीनं अन्न दिलं, ऊन दिलं, निर्भय झोप दिली. ते मोठंच काम होतं. पण त्या प्रेमाची परीक्षा झाली नाही, एवढं खरं.

आणि घरी जाणं त्यांच्या नशिबात नव्हतं. 1945 मध्ये पोलंडची पूर्व सीमाच सरकली. ज्या गावांतून या बायकांना उचललं होतं ती गावं सोव्हिएत संघात गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटननं लंडनमधल्या सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या नव्या सरकारला दिली. भत्ता देणारं सरकारच कागदावरून पुसलं गेलं आणि छावणीचा भार संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेवर आला. 1946 साली बालाचडीची मुलंही वळिवड्याला आली. मग हळूहळू पांगापांग : कुणी इंग्लंडला, कुणी पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, तिथून ऑस्ट्रेलिया, कॅनडा. थोडे पोलंडला परतले. एखाद्या मुलीनं इथंच लग्न केलं आणि ती कोल्हापूरची सून झाली. काही जण कायमचे राहिले ते इथल्या दफनभूमीत.

बराकी अजून पुरत्या रिकाम्या झाल्या नव्हत्या तोच दुसरं बिऱ्हाड दारात आलं.

सिंधची फाळणी झाली नाही. पंजाब दुभंगला, बंगाल दुभंगला, पण सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे पंजाबी किंवा बंगाली निर्वासिताला सीमेच्या अलीकडे आपली भाषा बोलणारा प्रांत मिळाला. सिंध्याला तो मिळाला नाही. सिंधमध्ये हिंदू साधारण चौथा हिस्सा, पण हैदराबाद-कराचीसारख्या शहरांत बहुसंख्य. अमील म्हणजे कारभारी, वकील, सरकारी नोकर. भाईबंद म्हणजे व्यापारी. त्यांतल्या हैदराबादच्या पेढ्या एकोणिसाव्या शतकापासूनच इजिप्तपासून जपानपर्यंत पोचलेल्या. सुरुवातीला अनेकांना वाटत होतं की इथंच राहता येईल. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल झाली आणि ती आशा संपली. माणसं बंदराकडे धावली आणि जहाजांतून मुंबईला, ओख्याला उतरली. पाच-सहा वर्षांपूर्वी ज्या कराचीत पोलिश बायका जहाजातून उतरून, आता आपण वाचलो, असं म्हणाल्या असतील, त्याच कराचीच्या धक्क्यावरून सिंधी बायका घराच्या किल्ल्या पदराला बांधून जहाजात चढल्या. या दोन समाजांची गाठ कधी पडली असेल तर ती अशी एका बंदराच्या पायऱ्यांवर, काही वर्षांच्या अंतरानं.

मुंबई सरकारनं त्यांना कल्याणच्या लष्करी छावणीत, पिंपरीला, देवळालीला आणि वळिवड्याला पाठवलं. वळिवड्याच्या छावणीला गांधीजींचं नाव मिळालं. सुरुवातीला शिधा मिळाला, पण तो कायमचा नव्हता. त्यांच्यामागे लंडनचं सरकार नव्हतं, भत्ता नव्हता. नव्यानं उभं राहणारं, स्वतःच विपन्न असलेलं भारत सरकार होतं आणि लाखो निर्वासितांच्या रांगेत त्यांचा नंबर होता. मागे सोडलेल्या मालमत्तेची नुकसानभरपाई देणारा कायदा झाला तो 1954 मध्ये. मधली वर्षं कशी काढायची?

त्यांनी ती पायांनी काढली. कापडाचा तागा खांद्यावर टाकून गावोगाव फेरी करायची. गोळ्या-बिस्किटं, कंगवे, सुया विकायच्या. घरातल्या बायकांनी पापड लाटायचे, पोरांनी ते विकायचे. ज्या घरात हिशेबनीस होते, शाळामास्तर होते, तिथल्या माणसांनीही फुटपाथवर पथारी मांडली, आणि माझ्या मते या समाजाचं खरं धैर्य त्या पथारीत आहे. प्रतिष्ठेचा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. नफा थोडा घ्यायचा, माल भराभर फिरवायचा, ओळखीच्या गिऱ्हाइकाला उधारी द्यायची, वसुलीला स्वतः जायचं. मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधून, पुढं सुरत-अहमदाबादहून, उल्हासनगरच्या नातेवाइकांकडून माल उचलायचा. घरातलं प्रत्येक माणूस दुकानात, त्यामुळे पगारी नोकराचा खर्च नाही. बराकीच्या पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोलीत संसार, असं करता करता बराक गेली, पक्की इमारत आली आणि छावणीची बाजारपेठ झाली.

त्यांना हे जमलं आणि पोलिश लोकांना जमलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. मूळ परिस्थितीच वेगळी होती. सिंधी कुटुंबं बहुधा कर्त्या पुरुषांसकट आली. पोलिश कुटुंबांतले पुरुष रणांगणावर होते. सिंध्यांच्या हाती पिढ्यांची व्यापारी विद्या होती आणि हिंदी-उर्दूमुळे भाषेचा पूल थोडा तरी बांधलेला होता. पूर्व पोलंडमधल्या शेतकऱ्याच्या बायकोला कोल्हापुरात काय पेरता आलं असतं? सिंधी लोक राज्यघटनेप्रमाणे इथले नागरिक झाले. पोलिश लोक युद्ध संपेपर्यंतचे पाहुणे होते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे परतीची वाट. ती आहे असं वाटत राहिल्यामुळे पोलिश छावणीनं शाळा बांधली. ती तुटली हे कळून चुकल्यामुळे सिंधी छावणीनं दुकान बांधलं. दोघांचीही गावं नकाशावरच्या एका रेघेपलीकडे गेली होती, पण हे दोघांना वेगवेगळ्या वेळी कळलं. माणसाच्या उद्योगीपणाचं किंवा आळसाचं खापर आपण त्याच्या जातीवर, रक्तावर फोडतो, तेव्हा वळिवड्याचा हा माळ आठवावा.

सिंधी समाजाला या यशाची किंमत मोजावी लागली. तो विकणारा म्हणून आला, म्हणजे इथल्या दुकानदाराचा स्पर्धक म्हणून आला. त्याच्या चिकाटीला लोभ म्हटलं गेलं, काटकसरीला कंजूसपणा. त्याच्याबद्दल म्हणी झाल्या, त्या मला इथं लिहाव्याशा वाटत नाहीत. आणि आतल्या आत आणखी एक नुकसान झालं, ते भाषेचं. राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात सिंधीला 1967 मध्ये जागा मिळाली, पण भाषेला जगायला रस्ते लागतात, बाजार लागतो, शाळा लागते. लिपी अरबी वळणाची ठेवायची की देवनागरी, यावरच समाजाची शक्ती खर्ची पडली. आज गांधीनगरातला तरुण दुकानदार गिऱ्हाइकाशी अस्सल कोल्हापुरी बोलतो, मुलाशी हिंदी-इंग्रजी बोलतो आणि आजीची सिंधी त्याला समजते, पण वाचता येत नाही. चेटीचंडला झुलेलालची मिरवणूक निघते. ज्या सिंधू नदीची ती देवता, ती नदी मिरवणुकीतल्या बहुतेकांनी पाहिलेली नाही. पोलिश मुलांनी पाच वर्षांत आपली भाषा घट्ट धरून ठेवली, कारण छावणीभोवती कुंपण होतं. सिंध्यांनी कुंपण काढून टाकलं आणि भाषा त्यातून निसटली.

स्मृतीचंही तसंच. भारतात राहून गेलेल्या पोलिश लोकांनी पुढं लंडनमध्ये आपली संघटना केली, आठवणींचं पुस्तक काढलं, म्हातारपणी नातवंडांना घेऊन ते कोल्हापूरला आले. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. 2019 मध्ये पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री वळिवड्याला आले, तिथं स्तंभ उभा राहिला, संग्रहालयाचा संकल्प झाला. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं. हे सारं योग्यच आहे. कृतज्ञता दोन्ही बाजूंनी खरी आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो.

पण कोल्हापूर हे आलेल्यांना सामावून वाढलेलं शहर आहे, ते फक्त निरोप देऊन नव्हे. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली ती बाहेरच्या व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती देऊन. गुळाची पेठ त्यातून उभी राहिली. आज इचलकरंजीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले कामगार उभे आहेत. दर हंगामात बीडकडच्या ऊसतोड मजुरांची खोपटी साखर कारखान्यांभोवती पडतात. ही माणसं विकत घेणारी पाहुणी नाहीत, ती काम मागायला आली आहेत. त्यांना आपण पोलिश मुलांसारखं वागवणार की सुरुवातीच्या सिंधी फेरीवाल्यांसारखं, हा प्रश्न आजचा आहे.

म्हणून वळिवड्याला संग्रहालय होईल तेव्हा त्यात सिंधी बिऱ्हाडाचंही दालन हवं. पोलिश मुलांच्या वह्यांशेजारी पथारीवरचा गज, जुन्या चोपड्या, शिधापत्रिका, कराचीहून आणलेल्या किल्ल्या ठेवायला हव्यात. फाळणीच्या वेळी कळत्या वयात असलेली माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत आणि त्यांच्या आठवणी कुणीतरी बसून लिहून घ्यायला हव्यात. शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाला हे काम अवघड नाही. आणि पुढच्या लग्नसराईत बस्ता बांधायला गांधीनगरला गेलात, तर गल्ल्यावर बसलेल्या वयस्क शेठना भावाबरोबर एवढंही विचारा : तुमचं घर सिंधमध्ये कुठल्या गावी होतं?