डहाणूचा हल्क होगन

‘डहाणूला चाललीयेस? येताना चिकू आण हं!’ आमच्या ग्रुपचा हा ठरलेला डायलॉग. या वेळी मात्र मी चिकू साफ विसरले आणि थेट हल्क होगनला भेटून आले!

माझा मामा डहाणूत राहतो, तलासरीच्या शाळेत शिकवतो आणि चाळिशी ओलांडली तरी डब्ल्यूडब्ल्यूएफचे पहिलवान जमवतो. (हो, ‘एफ’च. २००२मध्ये त्याचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं, हे मामाला अजून मान्य नाही.)

त्याच्या कपाटात हॅस्ब्रोने १९९० ते १९९४मध्ये काढलेले पहिलवान आहेत. उंची जेमतेम साडेचार इंच, पण प्रत्येकाची खोडी वेगळी. कुणाचा हात फटकन खाली येतो, कुणी कमरेतून गर्रकन फिरतो, कुणी दाबून सोडला की टुणकन उडतो. हिरव्या कार्डावरची शेवटची बॅच म्हणजे तर कलेक्टर लोकांचा कोहिनूर. पाकीट न फोडलेलं असेल, तर भाव विचारूच नका.

शनिवारी सकाळी मामाच्या बाइकवरून चारोटीमार्गे तलासरीला निघालो. वाटेत हायवेलगत विवळवेढ्याचं महालक्ष्मीचं देऊळ लागतं. चैत्र पौर्णिमेपासून इथे पंधरा दिवस जत्रा भरते. सुकी मासळी, मसाले, पाळणे आणि खेळण्यांचे स्टॉल्स. मामाने बाइक थांबवली. ‘माझं कलेक्शन इथे सुरू झालं,’ तो म्हणाला.

साल १९९३. केबलवर होगन, शाळेत ट्रम्प कार्ड्स. उंची, वजन, छाती, बायसेप्स सगळं तोंडपाठ. ओरिजिनल खेळणं मुंबईतल्या मोठ्या दुकानात, आजोबांच्या खिशाबाहेर. मग जत्रेतला दहा रुपयांचा आला. पोकळ प्लॅस्टिक, मिशी काळी, चड्डी हिरवी. ‘पण होगनच होता गं तो!’

तलासरीच्या बाजारात मामाची फेरी ठरलेली. जुनी जनरल स्टोअर्स गाठायची आणि विचारायचं, ‘शेठ, माळ्यावर काही जुना माल?’ या वेळी काहीच नाही मिळालं. २०२१पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा झालाय. मुलांसाठी ते चांगलंच. पण असले बिननावाचे पहिलवान आता पुन्हा निघायचे नाहीत.

परतताना मी विचारलं, ‘मामा, होगन खरंच हिरो होता का रे?’ कारण त्याच्या वर्णद्वेषी बोलण्यावरून २०१५मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला बाहेर काढलं होतं. २०१८मध्ये हॉल ऑफ फेममध्ये परत घेतलं, पण डाग राहिलाच. मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘तो माणूस माझा नव्हताच. माझा होता तो आजोबांनी आणलेला.’

२४ जुलै २०२५ला होगन गेला. त्या रात्री मामाने पाकिटातला महागडा ओरिजिनल बाहेर काढलाच नाही. टेबलावर उभा राहिला तो काळ्या मिशीचा. एक हात तुटलेला, रंग उडालेला. मिंट कंडिशनवाले नुसते कपाटात बसले; हा मात्र भरपूर खेळलाय!

सो, पुढच्या चैत्रात विरारहून डहाणू रोडची लोकल पकडा, तिथून थेट महालक्ष्मी. आणि तुमच्या माळ्यावर असला कुणी पडला असेल, तर भंगारात टाकण्याआधी एकदा खाली काढा.

आणि हो, येताना चिकू आणा!