पहिल्या पानावरचा धबधबा

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या पाट्या वाचत चाललं की एसइओचा पहिला धडा फुकटात मिळतो. एक नाव चाललं की तेच नाव शेजारच्या पाटीवर दिसतं. मग कुणी त्याला ‘ओरिजिनल’ जोडतो, कुणी ‘जुने’, कुणी ‘आमची कोठेही शाखा नाही’. गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक पाटीकडे फार तर दोन-तीन सेकंद बघतं, आणि सगळी झटापट तेवढ्यासाठी. गूगलवर हेच चालतं. फक्त तिथे कुणाची पाटी पुढे लागणार हे दुकानदाराच्या हातात नसतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. माझ्या मामांचं घर पवना धरणाच्या बाजूला, तिकोन्याच्या जवळच्या एका गावात. भातशेती आहे, आणि काही वर्षांपासून घराच्या तीन खोल्या ते पाहुण्यांना देतात. जेवायला मामीच्या हातचं पिठलं आणि घरचा इंद्रायणी भात. बुकिंग पोर्टलवरून यायचं आणि पोर्टल आपला वाटा कापून घ्यायचं, म्हणून मामांना स्वतःची वेबसाइट हवी होती. ती मी एका शनिवार-रविवारात उभी केली. त्यानंतर त्यांचा रोजचा प्रश्न सुरू झाला, “अगं, पहिल्या पानावर कधी येणार आपण?” मधल्या काळात कुणीतरी फोन करून त्यांना महिन्याभरात पहिल्या नंबरची गॅरंटीही देऊ केली होती. मी म्हटलं, “मामा, नंबर गूगल ठरवतं. पैसे घेऊन त्याची गॅरंटी देणाऱ्याला आधी दारातूनच परत पाठवा.”

सगळ्यात आधी आम्ही ‘लोणावळा हॉटेल’ आणि ‘पवना कॅम्पिंग’ या शब्दांचा नाद सोडला. तिथे मोठी पोर्टलं ठाण मांडून बसली आहेत, तीन खोल्यांच्या घराने त्यांच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. त्याऐवजी मी मामांना एक वही दिली आणि फोनवर लोक जे विचारतात ते जसंच्या तसं लिहायला सांगितलं. कामशेत स्टेशनवरून गाडी मिळेल का? फोनला रेंज येते का? आजी बरोबर आहे, कमोड आहे का? छोटी गाडी दारापर्यंत येईल का? माणसं मामांना जे विचारत होती तेच गूगललाही विचारत असणार. त्या वहीवरून साइटची पानं ठरली. एका पानावर एकच विषय आणि पानाचं शीर्षक लोकांच्याच शब्दांत.

बाकीचं काम कष्टाचं, पण सरळ होतं. मामांच्या फोनमधला एकेक फोटो चार-पाच एमबीचा. ते सगळे लहान केले, कारण पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी गूगलची अपेक्षा असते आणि डोंगरातल्या रेंजवर मोठा फोटो उमटेपर्यंत माणूस निघून जातो. रोमन लिपीत पवना कुणी ‘व्ही’ने लिहितं, कुणी ‘डब्ल्यू’ने. दोन्ही रूपं मजकुरात सहज येतील तिथे घेतली, ठासून भरली नाहीत. नकाशावरची खूण शेजारच्या वाडीत पडली होती, ती अंगणात आणली. फोन नंबर सगळीकडे एकच ठेवला.

राहिल्या लिंका. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये मांडलेली कल्पना अशी, की एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही शिफारस समजायची आणि शिफारस कोण करतंय त्यावर तिचं वजन ठरवायचं. बाजारात लिंका विकत मिळतात, पण ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. आम्ही दरवर्षी येणाऱ्या एका ट्रेकिंग ग्रुपला विनंती केली आणि त्यांनी आपल्या साइटवर आमचा उल्लेख केला. एवढंच. पहिले दोन महिने काहीही हललं नाही.

मग पावसाळा आला आणि खरा वाद झाला. सर्च कन्सोल हे गूगलचं फुकट साधन आहे. आपलं पान कोणत्या शब्दांसाठी दिसलं आणि किती जणांनी ते उघडलं हे त्यात कळतं. जूनपासून त्या यादीत ‘धबधबा’ वर वर सरकत होता. मामा म्हणाले, “आपल्या मागच्या ओढ्यावरच्या धबधब्याचं एक पान लिही. कुणाला माहीत नाही तो. लोक येतील.”

एसइओच्या पुस्तकी हिशेबाने हा सल्ला अचूक होता. मागणी आहे, स्पर्धा नाही, मजकूर घरचा. पण ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. ‘लोणावळ्याजवळचे लपलेले धबधबे’ अशा याद्या मात्र जागच्या जागी असतात. त्यांवर बऱ्याचदा तारीख नसते. उन्हाळ्यात लिहिलेलं पान जुलैतही माणसाला तिथेच पाठवतं, आणि मनाईचा आदेश कुठेतरी खाली राहतो.

मामांचं म्हणणंही खोटं नव्हतं. “सगळे टाकतात. चार महिन्यांचा धंदा आहे आपला. आपणच सोवळं पाळून काय होणार?” मी म्हटलं, “मामा, त्या दगडावर तुम्ही मला लहानपणी कधी उभं राहू दिलं नाहीत.” ते काही बोलले नाहीत. मामी आतून म्हणाली, “आणि अजूनही देणार नाहीत.”

शेवटी पान लिहिलं ते ‘पावसाळ्यात पवना परिसरात काय बंद असतं’ या नावाचं. वर तारीख. खाली कोणत्या ठिकाणी मनाई आहे, कोणता रस्ता पाण्याखाली जातो, आणि व्हरांड्यात बसून काय काय दिसतं. दर शुक्रवारी मामा चौकशी करून मला फोन करतात आणि मी तारीख बदलते. काही जण ते वाचून बेत रद्द करतात, आणि मामा कुरकुरतात. पण ते पान साइटवर सगळ्यात जास्त उघडलं जातं, कारण शुक्रवारी संध्याकाळी निघायच्या तयारीतल्या माणसाला हेच हवं असतं. त्यातले काही खोलीही विचारतात.

‘पवना कॅम्पिंग’ला आम्ही अजून कुठल्या तरी पाचव्या पानावर आहोत. गेल्या आठवड्याच्या यादीत मराठीत टाइप केलेला एक प्रश्न होता: ‘गुडघे दुखतात लोहगड जमेल का’. मामांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “लिही. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते. पुढे पायऱ्याच आहेत, पुष्कळ आहेत, आणि पावसात निसरड्या असतात. दिवाळीनंतर या.”