एकशे सत्तावीस स्तंभांचा पट

प्रिय मीरा,

फोनवर तू विचारलंस, "एवढी मोठी संख्या मूळ आहे हे ठरवतात तरी कसं? भाग लावत बसतात का?" आकडेमोड फोनवर सांगण्यात मजा नाही, म्हणून हे पत्र.

माझी सगळ्यात लाडकी मूळसंख्या घेऊ: २ चा १२७ वा घात, वजा १. लिहिली तर ३९ अंक होतात: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. हिच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक संख्येने भाग लावायचा म्हटला, तर सेकंदाला एक कोटी भागाकार करूनही चाळीस हजार वर्षं लागतील. आणि एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली, यंत्राशिवाय, ती मूळ असल्याचं दाखवलं!

त्याच्या युक्तीला पुढे डेरिक लेमर यांनी सुटसुटीत रूप दिलं, ते सांगते. कागद घे. सात या घातांकाची संख्या, म्हणजे २ चा ७ वा घात वजा १, आहे १२७. चारापासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, दोन वजा करायचे, १२७ ने भागून बाकी तेवढी ठेवायची, आणि पुन्हा तेच. ४, १४, ६७, ४२, १११, ०. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे पाच पायऱ्या. शेवटी शून्य आलं की संख्या मूळ. हे शून्य उमटताना बघून मला अजून आनंद होतो. (विषम मूळ घातांकांनाच हे लागू, बरं का.)

आपल्या संख्येला अशा १२५ पायऱ्या, दर पायरीला अगडबंब वर्ग. ल्युकाने त्यासाठी बुद्धिबळासारखा १२७ बाय १२७ घरांचा पट योजला. सोंगटी म्हणजे एक, रिकामं घर म्हणजे शून्य. एका स्तंभात दोन सोंगट्या जमल्या की त्या उचलायच्या आणि डावीकडच्या स्तंभात एक ठेवायची. शेवटच्या स्तंभातून बाहेर पडलेली सोंगटी मात्र सरळ पहिल्या स्तंभात येते, कारण या संख्येने भागलं तर २ च्या १२७ व्या घाताची बाकी १ च उरते. भागाकार करावाच लागत नाही! इतकी देखणी सोय मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

१९५१ पर्यंत हीच ज्ञात असलेली सर्वात मोठी मूळसंख्या होती.

एक मात्र आहे. शून्य आलं नाही, तर संख्या मूळ नाही एवढंच कळतं, अवयव कळत नाहीत. घातांक ६७ ची संख्या मूळ नसल्याचं ल्युकानेच दाखवलं होतं. तिचे अवयव १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. गुणून बघच.

आणि २, ३, ७, १२७ ही साखळी बघ. प्रत्येक संख्या घातांक केली की पुढची मिळते, त्यानंतरची आपली ३९ अंकी. तिच्याही पुढची मूळ आहे का, हे आजवर कुणालाच ठरवता आलेलं नाही. तुला काय वाटतं, ते कळव.

तुझी,
शुभा