रिकाम्या पोटी बंगळुरू

बंगळुरूला गेलात तर एका सकाळी हॉटेलातला फुकट नाश्ता सोडा आणि बसवनगुडीकडे निघा. शंकरपुरममधला 'ब्राह्मिन्स कॉफी बार' १९६५ पासूनचा. इडली-वडा घ्या आणि उभ्यानंच खा. सांबार मागू नका, ते इथे नसतंच! चटणी मात्र मागाल तेवढी. खारा बात म्हणजे आपला उपमा आणि केसरी बात म्हणजे शिरा, त्यामुळे मुलंही खूश.

पण पोट भरू नका. गांधी बाजारात १९४३ सालचं 'विद्यार्थी भवन' आहे. तिथला डोसा जाडसर, बाहेरून कुरकुरीत. शुक्रवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

माझा जीव मात्र लालबागजवळच्या 'एमटीआर'मध्ये अडकलाय. हे १९२४ सालचं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा इथल्या स्वयंपाकघरात रव्याची इडली करून पाहिली, अशी तिची जन्मकथा सांगतात. आपण घाईच्या दिवशी पाकीट फोडून करतो, तीच ही. इथे ती तूप आणि बटाट्याच्या सागूबरोबर गरम खाऊन बघा. आमच्या घरी त्यानंतर पाकीट आलेलं नाही.

शेवटी फिल्टर कॉफी. दोघांत एक हवी असेल तर नुसतं 'बाय टू' म्हणा.