शास्त्रीजींचा सोमवार

लाल गव्हाची पोळी तोडायला दोन्ही हात लागत. १९६५ साल, गिरगावातली आमची चाळ. पाकिस्तानशी युद्ध पेटलेलं, खिडक्यांच्या काचांवर काळा कागद, आणि रेशनच्या दुकानापुढे पिशव्यांची रांग. तो गहू पीएल ४८० या धान्य-मदतीच्या कायद्याखाली अमेरिकेहून बोटीनं येई. आई कणीक लवकर भिजवून ठेवी, तेलाच्या हातानं तिंबून तिंबून मऊ करी, मूठभर ज्वारीचं पीठ मिसळी. तरी गार झाली की पोळी वातड ती वातडच. म्हणून उरलेल्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा होई. कांदा, हिरवी मिरची, हळद, थोडे शेंगदाणे, आणि झाकण ठेवून एक दणदणीत वाफ. त्या वाफेत तो हट्टी गहू अखेर नमायचा. कढईच्या तळाशी लागलेली खरवड कुणाची, यावर आम्हा भावंडांत रोज भांडण. पुढं पुष्कळ न्याहाऱ्या खाल्ल्या, पण त्या खरवडीच्या वर एकही ठेवायला मी तयार नाही.

साखर कार्डावर मोजून मिळे, ती पाहुण्यांसाठी. आम्हाला गुळाचा चहा. गूळ घातलेल्या उकळत्या चहात दूध फाटतं, म्हणून आई पातेलं खाली उतरवी आणि वेगळं तापवलेलं दूध मागून ओती. तांदळातल्या कण्या साठवून आजी त्या ताकात शिजवी, वर लसणीची फोडणी.

अशातच पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. आधी त्यांनी आपल्याच घरी एक संध्याकाळ चूल बंद ठेवली, मुलांना भूक सोसते का ते पाहिलं, आणि मगच देशापुढे शब्द टाकला. आमच्या आजीला पेच पडला. तिचा शंकराचा सोमवार दिवसभर कडक आणि सुटायचा रात्री. आता रात्रीच जेवायचं नाही! तिनं देवापुढे हात जोडले आणि उपास दुपारी सोडायला लागली. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना मात्र तिनं सोमवारी कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही. “उपाशी राहायचं ते आम्ही, तू नाही गं,” म्हणून दुपारची भाकरी त्यांच्या पदरात घाली.

पावसानंही त्या वर्षी दगा दिला. देशाचं धान्य जवळपास ८ कोटी ९० लाख टनांवरून ७ कोटी २० लाखांवर आलं, आणि अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन गहू हात आखडून, थोडा थोडाच सोडत होते. आठवड्यातल्या एका जेवणानं एवढी तूट भरून निघणार नव्हती. तरी तो उपास मला थोर वाटतो, कारण मागणारा स्वतः उपाशी राहिला होता.

१० जानेवारी १९६६ लाही सोमवारच होता. ताश्कंदला पाकिस्तानबरोबरच्या करारावर सह्या झाल्या, आणि आम्ही नेहमीसारखे न जेवता झोपलो. मंगळवारी सकाळी रेडिओनं सांगितलं, शास्त्रीजी गेले. मोठ्यांना शेगडी पेटवायचं सुचेना. शेवटी आजी उठली, “पोरं कालची उपाशी आहेत,” म्हणाली आणि पिठलं-भाताला लागली.

रेशनची रांग ओसरली तरी आई सोमवारी रात्री जेवत नसे. मागून घरात आलेल्या सुनांना वाटे, सासूबाई शंकराचा सोमवार करतात.