पहिलं पुस्तक चित्रांचं द्या

वस्तीतली कार्यकर्ती पोरं अधनंमधनं येऊन विचारतात, ‘काका, नवीन पोरगा आलाय. वाचायची सवय नाही. त्याला पहिलं पुस्तक कुठलं द्यायचं?’

मी सांगतो, चित्रांचं द्या. कॉमिक द्या.

पोरं हसतात. एकजण तर तोंडावर म्हणाला, ‘काका, क्रांती काय वेताळ वाचून करायची?’ मला त्याचा राग आला नाही. तीस वर्षांपूर्वी मीही असाच बोलत होतो. माझ्या त्या बोलण्याची किंमत दुसऱ्यानं मोजली. म्हणून हे लिहितो आहे.

आधी माझं सांगतो. आमच्या खोलीत पुस्तक असं नव्हतंच. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, फळीवर रेशनकार्ड. छापील कागद म्हणावा तर एवढाच. बाप गोदीत हमाल, आय चार घरची धुणीभांडी करायची. नाक्यावर एक रद्दीवाला होता. त्याच्याकडं इंद्रजाल कॉमिक्सचा ढीग असायचा. विकत घ्यायची ऐपत नव्हती. दहा पैसे द्यायचे आणि तिथंच उकिडवं बसून वाचायचं.

शाळेतल्या पुस्तकाशी माझं कधी जमलं नाही. घरात आम्ही ‘पानी’ म्हणायचो, पुस्तकात ‘पाणी’. उभं राहून धडा वाचताना जीभ अडखळली की सगळा वर्ग हसायचा. वेताळ वाचताना कुणी हसत नव्हतं. शब्द अडला की चित्र हात द्यायचं. बुक्की बसलेली दिसायची, मग ‘बुक्की’ हा शब्द कसा लिहितात ते कळायचं. पाठ्यपुस्तकात शब्द अडला तर माणूस एकटा पडतो. कॉमिकमध्ये सोबतीला चित्र असतं. वाचायला मला शाळेनं शिकवलं नाही, वेताळानं शिकवलं. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. जयंतीच्या भाषणात असलं सांगायची लाज वाटायची.

पण वेताळ होता कोण? एक गोरा माणूस. ली फॉक नावाच्या अमेरिकन माणसानं १९३६ साली तो काढला. पिढ्यान्‌पिढ्या कवटीच्या गुहेत राहायचा, आणि जंगलातली काळी माणसं त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. मँड्रेक जादूगाराच्या सोबतीला लोथार. हा आफ्रिकेतला राजपुत्र, राज्य सोडून जादूगाराच्या पाठीशी उभा राहिलेला. ताकद सगळी लोथारची, नाव मँड्रेकचं. मला लोथार आवडायचा. का आवडायचा ते तेव्हा कळत नव्हतं. माझा बापही दिवसभर दुसऱ्याचं ओझं उचलायचा.

अमर चित्रकथा हातात आल्या तेव्हाही तेच. राक्षस काळे, दात पुढं आलेले. देव आणि ऋषी उजळ. ही माला १९६७ साली सुरू झाली. तिच्यात बाबासाहेब यायला १९७९ साल उजाडलं. म्हणजे कॉमिक काही भोळं नसतं. कोण काढतो, कुणाला काळं रंगवतो, कुणाला चौकटीच्या कोपऱ्यात ढकलतो, हे बघावंच लागतं. पण हे बघायची नजरही मला त्याच ढिगानं दिली.

आता माझ्या गुन्ह्याचं सांगतो.

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका काढली होती. एक लोखंडी कपाट, दोन ट्यूबलाइट, खाली सतरंजी. मी नुकता नोकरीला लागलेलो, अंगात वारं शिरलेलं. आठवीतला एक पोरगा रोज यायचा. एका संध्याकाळी बघतो तर वहीच्या आड हिंदीतलं नागराज. मी ते सगळ्यांसमोर हिसकावून घेतलं. म्हणालो, ‘बाबासाहेब अठरा अठरा तास वाचायचे ते तू हे वाचावंस म्हणून?’ आणि त्याच्या मांडीवर ‘जातिसंहारा’चं मराठी भाषांतर ठेवलं. म्हणालो, हे वाच, माणूस होशील.

दोन दिवस तो ते पुस्तक उघडून बसला. पान तेच. तिसऱ्या दिवशी आला नाही, नंतर कधीच आला नाही.

आज तो टेम्पो चालवतो. भेटला की जयभीम घालतो. मोर्च्याला पुढं असतो. एकदा मी विचारलं, ‘वाचतोस का रे काही?’ म्हणाला, ‘नाय दादा, आपल्याला ते जमत नाय. तुम्हीच बोलला होता.’ मी तसं बोललो नव्हतो. पण त्यानं तेच ऐकलं होतं.

दोस्तांनो, पोराला पुस्तकापासून तोडायला दर वेळी मनूच लागतो असं नाही. निळा गमछा घातलेला माणूसही पुरतो.

ही बोच मनात होती. २०१२च्या सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या गर्दीत एका मित्रानं ‘भीमायन’ हातात ठेवलं. इंग्रजी पुस्तक. २०११ साली नवयानानं काढलेलं. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. हे नवराबायको मध्य प्रदेशातले परधान गोंड. परधान म्हणजे गोंडांच्या कथा गाणारी जमात. त्यांनी चित्रांना चौकटीच घातल्या नाहीत. माणसं डब्यात कोंबायची नाहीत, त्यांना मोकळं राहू द्यायचं, अशी त्यांची भूमिका. चौकटीबाहेर ठेवलेल्यांच्या गोष्टीतून चौकटच काढून टाकली!

घरी येऊन मी ते बघत बसलो होतो. आय शेजारी येऊन बसली. तिला अक्षर येत नव्हतं. सत्तरीला टेकलेली. मी शब्द मराठीत सांगत गेलो, ती चित्रं वाचत गेली. वाचत गेली असंच म्हणतो. ती माझ्यापुढं होती.

१९०१ सालची गोष्ट. लहानगा भीम, भाऊ आणि भाचे वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. जात कळली तसा गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं देऊन पोरांनीच गाडी हाकायची, गाडीवान सोबत चालणार. आणि रात्रभर प्यायला पाणी नाही. मी ‘मसूर’ म्हणालो आणि आय ताठ झाली. तिचं माहेर त्याच बाजूचं. ‘मसूरचं ठेसन? म्या बगितलंय की ते.’

मग तिनं एका बोलण्याच्या फुग्यावर बोट ठेवलं. ‘ह्यो इंचू कशाला काडलाय?’

मी सांगितलं, आय, ह्या पुस्तकात मायेनं बोलणाऱ्याचे शब्द पाखराच्या आकारात आहेत. जो घालून पाडून बोलतो त्याच्या शब्दांना विंचवाची नांगी.

ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘बरूबर काडलंय.’ आणि सांगायला लागली. बारा वर्षांची होती. उन्हाळ्यात घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची. कुणी वाढलं तर पाणी. एक दिवस दुपार टळली तरी कुणी वाढेना. धाकटा भाऊ तापानं फणफणलेला. तिनं चार पावलं पुढं टाकली. वरच्या आळीतली एक बाई जे बोलली ते आयनं मला शब्दाला शब्द सांगितलं. साठ वर्षं ते तिच्या कानात होतं. ते मी इथं लिहीत नाही. म्हणाली, ‘त्या बाईच्या तोंडाला बी आशीच नांगी व्हती.’

पन्नाशीला आलेला मी. चळवळीत तीस वर्षं. गावोगाव जाऊन लोकांना इतिहास सांगितला. आणि माझ्या आयचा इतिहास मला माहीत नव्हता. माझ्या एकाही भाषणानं तो बाहेर काढला नाही. एका विंचवाच्या चित्रानं काढला.

महाडच्या १९२७च्या सत्याग्रहाचं चित्र आलं. भाषणाच्या कर्ण्यांतून लोकांवर पाणी बरसतंय. आय हसली. म्हणाली, ‘आत्ता भिजली मानसं.’ आता आय नाही. ते पुस्तक आहे. त्या पानावर तिच्या बोटाचा हळदीचा डाग आहे.

कुणी म्हणेल, हे रडगाणं झालं, चळवळीला त्याचा काय उपयोग? तर ऐका. अमेरिकेत माँटगोमेरीला १९५५च्या डिसेंबरात रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत. काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला, तो ३८१ दिवस चालवला. १९५७ साली त्या लढ्याचं एक कॉमिक निघालं. पानं सोळा, किंमत दहा सेंट. लढा कसा झाला ते त्यात होतंच, शिवाय मारहाण झाली तर काय करायचं, संघटना कशी बांधायची, तेही होतं. गोष्ट आणि शिबिर एकाच पुस्तिकेत. तरुण जॉन लुईस यांनी ती वाचली. पुढं हेच लुईस १९६०च्या नॅशव्हिलच्या धरण्यात बसले, नंतर अमेरिकेच्या संसदेत गेले. म्हातारपणी आपला लढा सांगायला त्यांनी काय निवडलं? कॉमिक. ‘मार्च’, तीन भाग, २०१३ ते २०१६. त्याच्या तिसऱ्या भागाला तिथला राष्ट्रीय ग्रंथपुरस्कार मिळाला. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव त्या देशातूनच उचललं. मग ही युक्ती का नाही उचलायची?

म्हणून विचारता तर सांगतो. नव्या माणसाला पहिलं ‘भीमायन’ द्या. इंग्रजी आहे म्हणून अडू नका. एकानं सांगायचं, चौघांनी बघायचं. मग ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’. ते २०११चंच, जोतिबांच्या १८७३च्या ‘गुलामगिरी’वरचं. ‘गुलामगिरी’ म्हणजे धोंडिबा आणि जोतिबा यांचा सवालजवाब. बोलणंच असल्यामुळं कॉमिकला ते फिट्ट बसतं. अपराजिता नैनान यांची चित्रं काळीपांढरी आहेत. ती बघून पोरं मूळ ‘गुलामगिरी’ मागायला येतात. मग ‘मार्च’.

पोरगा पिकला की ‘माऊस’ द्या. आर्ट स्पीगलमन यांचं, दोन भाग, १९८६ आणि १९९१. ज्यू उंदीर, नाझी मांजरं. मुलगा बापाला विचारतो, ऑश्विट्झमधून तू जगून कसा आलास? बाप सांगतो. पण आईनं लिहिलेल्या वह्या बापानं जाळून टाकलेल्या असतात. तिथं मी पुस्तक मिटून बसलो. आपल्या आयांनी तर वह्याच लिहिल्या नाहीत. जाळायलाही काही नाही. म्हणून त्या आहेत तोवर त्यांच्यापुढं चित्र धरा आणि गप्प बसा.

जपानचं ‘बेअरफूट गेन’ही आणा. केइजी नाकाझावा हिरोशिमात सहा वर्षांचे होते. बॉम्ब त्यांनी अंगावर घेतला. १९७३ पासून ते चित्रांत मांडत गेले.

आणि वाचणाऱ्याला लगेच विचारू नका, ‘काय बोध घेतला?’ तो शाळेचा धंदा. त्याच्या हातात नागराज असेल तर असू द्या. शेजारी बसा. कोण काळा रंगवलाय, कोण ओझं उचलतोय, एवढं विचारा. बाकीचं तोच शोधील. ‘जातिसंहार’ही वाचील. त्याच्या पायानं तिथवर जाईल.

आणि नुसतं वाचू नका, काढा. आपल्या वस्तीच्या नळाची गोष्ट सोळा पानांत बसते. हात चांगला असलेलं एक पोरगं प्रत्येक वस्तीत असतंच, जयंतीचे बोर्ड तेच रंगवतं. त्याला कागद द्या.

त्या टेम्पोवाल्याची पोरगी सातवीत आहे. ती अभ्यासिकेत येते. मागच्या महिन्यात तिला ‘भीमायन’ दिलं. रात्री तो तिला न्यायला येतो, दारात उभा राहून हाक मारतो. परवा ती म्हणाली, ‘बाबा पण बघतात. मला विचारतात इथं काय लिहिलंय.’

मी त्याला अजून ‘आत ये’ म्हणालेलो नाही. ते म्हणायचा धीर गोळा करतो आहे.